कोलंबस, इंडियाना: नव्याने येणाऱ्यांनी गाव कसं समजून घ्यावं

पुण्याहून इंडियानातल्या कोलंबसला मराठी माणसं येतात ती मुख्यतः कमिन्समुळे. १९१९ साली याच गावात सुरू झालेली ही इंजिनांची कंपनी १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात आली. त्यामुळे कोथरूड, बालेवाडी, फलटण ही नावं इथल्या ऑफिसांत कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. व्हिसा, बँकेचं खातं, ड्रायव्हिंग लायसन्स यांची माहिती येणाऱ्याला दहा ठिकाणांहून मिळते. गावाबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. मग भाडेकरारावर सही झाल्यावर कळतं, की आपण शहरात राहतच नाही, मुलांची शाळा भलत्याच भागात आहे आणि घरामागचा तो गोड दिसणारा ओढा पावसाळी जूनमध्ये अंगणात येतो.

घर ठरवण्याआधी ज्या क्रमाने हे गाव समजून घ्यावं असं मला वाटतं, त्याच क्रमाने पुढे लिहितो.

पायरी पहिली: कोलंबस नक्की कोणतं?

हसू नका. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं बरीच आहेत आणि त्यातलं सगळ्यात मोठं ओहायो राज्याची राजधानी आहे. तिथे नऊ लाखांवर लोक राहतात. तिकीट काढताना खोक्यात ‘कोलंबस’ टाकलं की पुढे येतो तो तिथला सीएमएच विमानतळ, आणि तिथून आपल्या गावापर्यंत गाडीने तीन तासांहून जास्त लागतात. तुम्हाला हवा आहे इंडियानापोलिसचा विमानतळ, म्हणजे आयएनडी. तिथून आय-६५ महामार्ग धरून दक्षिणेला साधारण तासाभरात कोलंबस येतं. गावाच्या उत्तरेला एक म्युनिसिपल विमानतळ आहे, पण ती जुनी हवाई दलाची धावपट्टी. तिथे प्रवासी विमान कंपन्यांची सेवा नाही. प्रवासी रेल्वेही नाही. रूळ दिसतील, त्यावरून मालगाड्या जातात.

लुईव्हिल दक्षिणेला साधारण सव्वा तासावर, ब्लूमिंग्टन पश्चिमेला पाऊण-एक तासावर. गाडीशिवाय यातलं काहीच जमत नाही. गावात कोलंबस याच नावाची बससेवा आहे, स्पेलिंगमध्ये ‘बस’ ही अक्षरं मोठी छापून केलेला विनोद. पहिले काही आठवडे ती उपयोगी पडते, पण तिच्या भरवशावर घर घेऊ नका.

पायरी दुसरी: काउंटी म्हणजे काय आणि सीट म्हणजे काय

इंडियाना राज्यात ९२ काउंट्या, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यांसारखे कारभाराचे भाग, आहेत. आपली बार्थॉलोम्यू काउंटी १८२१ साली झाली. टिपेकनूच्या १८११ च्या लढाईत जखमी झालेल्या जोसेफ बार्थॉलोम्यू या सैनिकी अधिकाऱ्याचं नाव तिला मिळालं. काउंटीचा कारभार ज्या गावातून चालतो ते काउंटी सीट. तालुक्याच्या गावाला तहसील कचेरी आणि कोर्ट असतं म्हणून आजूबाजूचे लोक तिथे खेपा घालतात, तसंच हे. फरक असा की इथे काउंटीचे बहुतेक प्रमुख अधिकारी लोकांनी निवडून दिलेले असतात. शेरीफ (काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख), क्लार्क, ऑडिटर, ट्रेझरर, असेसर, रेकॉर्डर ही सगळी निवडणुकीची पदं आहेत.

मोठं गाव म्हणजे काउंटी सीट, असं मात्र धरून चालू नका. दक्षिणेकडच्या जॅक्सन काउंटीत सेमूर हे सगळ्यात मोठं गाव आहे, तरी सीट आहे ब्राउन्सटाउन. पश्चिमेकडच्या ब्राउन काउंटीची सीट नॅशव्हिल. तेही टेनेसीतलं गाण्याबजावण्याचं नॅशव्हिल नव्हे, हजारभर वस्तीचं टुमदार खेडं.

कोलंबसमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला १८७४ चं लाल विटांचं कोर्टहाउस आहे. आयझॅक हॉजसन नावाच्या वास्तुविशारदाने ते बांधलं. एकदा तरी मुद्दाम जा. त्याच्या आवारात चुनखडीच्या २५ उंच खांबांचं युद्धस्मारक आहे. खांबांच्या मधून चालताना गावातून लढायला गेलेल्यांची नावं आणि काहींनी घरी लिहिलेली पत्रं दगडावर कोरलेली दिसतात. इतक्या छोट्या जागेत या काउंटीबद्दल इतकं कळेल अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

काउंटीशी तुमचा संबंध कधी येतो? लग्नाचं लायसन्स, घराच्या खरेदीची नोंद, मालमत्ता कर, ज्यूरी ड्यूटीचं पत्र (ते नागरिकांसाठी असतं, नागरिक नसाल तर तसं कळवायचं, पत्र फेकून द्यायचं नाही). घर विकत घेतलं आणि त्यात स्वतः राहत असलात, तर ऑडिटरकडे होमस्टेड सवलतीचा अर्ज झाला आहे ना हे बघा. राहत्या घरावरचा मालमत्ता कर इंडियानात घराच्या ठरवलेल्या मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत मर्यादित आहे, भाड्याने दिलेल्या घरावर ही मर्यादा २ टक्के. अर्ज राहिला, तर राहतं घर असूनही कर दुसऱ्या हिशोबाने लागतो.

आणखी एक, जे पगाराच्या स्लिपवर दिसतं आणि कुणालाच उमगत नाही: काउंटीचा स्वतःचा आयकर असतो. १ जानेवारीला तुम्ही इंडियानातल्या ज्या काउंटीत राहत होता तिचा दर त्या पूर्ण वर्षाला लागतो. मार्चमध्ये इंडियानापोलिसहून कोलंबसला आलात, तरी त्या वर्षासाठी तुम्ही मॅरियन काउंटीचे. कंपनीत रुजू होताना डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म भरून घेतात, त्यात हीच तारीख विचारलेली असते. तिथे घाईघाईत आजचा पत्ता लिहू नका.

रस्त्यावर काउंटी ओळखायची असेल तर गाड्यांच्या पाट्या बघा. पाटीवर बारीक आकड्यांत काउंटीचा क्रमांक असतो आणि तो इंग्रजी वर्णक्रमाने दिलेला आहे. ०३ म्हणजे आपण, ०७ ब्राउन, ३६ जॅक्सन, ४१ जॉन्सन, ४९ इंडियानापोलिसवाली मॅरियन. एमएच-१२ आणि एमएच-१४ वरून माणसाची परीक्षा करणाऱ्या पुणेकराला हा खेळ लगेच जमतो.

पायरी तिसरी: पत्ता तपासा

घर बघताना ही पायरी गाळू नका.

पोस्टाच्या दृष्टीने कोलंबसचे पिनकोड, म्हणजे झिप कोड, मुख्यतः दोन: ४७२०१ आणि ४७२०३. ढोबळमानाने पहिला पश्चिम-दक्षिणेचा, दुसरा पूर्वेचा. पण झिप कोड पोस्टमनच्या सोयीसाठी असतो, शहराची हद्द वेगळी आणि बरीच वाकडीतिकडी आहे. मक्याच्या शेताकडेच्या घराच्या पत्त्यावरही ‘कोलंबस’ असतं. उलट उत्तरेला ‘एडिनबर्ग’ असा पत्ता असलेली काही घरं आपल्या काउंटीत येतात, कारण एडिनबर्ग हे गावच तीन काउंट्यांच्या सांध्यावर बसलं आहे.

मग करायचं काय? काउंटीचा ऑनलाइन जीआयएस नकाशा उघडा, घराचा पत्ता टाका आणि तीन थर बघा: शहराची हद्द, शाळेचं क्षेत्र, पूरक्षेत्र.

हद्दीच्या आत असाल तर पोलीस शहराचे, कचरा शहर उचलतं, आणि मेयरच्या निवडणुकीचे फलक तुमच्या अंगणासाठी असतात. हद्दीबाहेर शेरीफ, कचऱ्याला खासगी कंपनी, आणि बऱ्याच घरांना गटाराऐवजी सेप्टिक टँक, काहींना स्वतःची विहीर. सेप्टिक असलेलं घर वाईट नसतं. पण टाकी शेवटची कधी उपसली हे विचारायला भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला सुचत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

शाळांचं बघा. काउंटीचा बहुतेक भाग बार्थॉलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशनकडे आहे. तिच्या दोन मोठ्या हायस्कूल आहेत, कोलंबस नॉर्थ आणि कोलंबस ईस्ट, आणि गावाची मनं या दोन नावांत वाटली गेली आहेत. ईशान्येकडे होप या गावाच्या परिसरात मात्र फ्लॅट रॉक-हॉक्रीक ही वेगळी कॉर्पोरेशन आहे. इथे कॉर्पोरेशन म्हणजे शाळांचा सरकारी जिल्हा, कंपनी नव्हे. घर कोणत्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला येतं हे कॉर्पोरेशनच्या ऑफिसलाच विचारा. घर दाखवणाऱ्या एजंटाच्या किंवा घरांच्या ॲपच्या भरवशावर राहू नका.

पायरी चौथी: नद्या

कोलंबस समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० फुटांवर आहे, आणि पुणेकराच्या डोळ्याला अगदी सपाट वाटतं. हिमयुगातल्या बर्फाने आणि त्याच्या वितळलेल्या पाण्याने ही जमीन घडवली, म्हणून इथे मका आणि सोयाबीन. पश्चिमेला ब्राउन काउंटीचे डोंगर बर्फाच्या रेट्यातून बरेचसे सुटले, म्हणून तिकडे चढउतार, जंगल आणि ऑक्टोबरात पानं बघायला येणाऱ्यांची रांग.

पण सपाट म्हणजे सारखं नव्हे. वायव्येकडून ड्रिफ्टवूड आणि ईशान्येकडून फ्लॅटरॉक अशा दोन नद्या डाउनटाउनच्या अगदी पश्चिम कडेला मिळतात आणि पुढे त्यांचं नाव होतं ईस्ट फोर्क व्हाइट रिव्हर. ते पाणी वॉबॅश, मग ओहायो, मग मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताला जातं. संगमावर मिल रेस पार्क आहे. तिथल्या मनोऱ्यावर चढता येत असेल तेव्हा चढा. वरून एका बाजूला झाडीत येऊन मिळणाऱ्या नद्या दिसतात, दुसऱ्या बाजूला कोर्टहाउसचा कळस, आणि दोन्हींत अंतर किती थोडं आहे हे नकाशापेक्षा चांगलं कळतं. पाणी वाढलं की हा पार्क बुडतो. तो बुडणार हे धरूनच त्याची रचना केली आहे, त्यामुळे पार्कात पाणी आलं म्हणून गावात कुणी घाबरत नाही.

घाबरायचं ते ओढ्यांना. होपच्या बाजूने येणारी हॉ क्रीक पूर्वेकडच्या वस्त्यांमधून जाते. एरवी पाहिलीत तर घोटाभर पाणी. ७ जून २००८ ला अतिवृष्टीनंतर हीच हॉ क्रीक चढली. तिच्या काठच्या कोलंबस रीजनल हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं, वीज आणि यंत्रणा गेली, रुग्णांना बाहेर काढावं लागलं, आणि हॉस्पिटल पुन्हा पूर्णपणे सुरू व्हायला काही महिने गेले. शेकडो घरांत पाणी होतं. त्या आधीचा मोठा पूर जुने लोक सांगतात तो १९१३ चा. पूर्व आणि आग्नेय बाजूची क्लिफ्टी क्रीकही लक्षात ठेवा.

म्हणून घर बघायला गेलात की तीन प्रश्न विचारा. २००८ मध्ये इथे पाणी आलं होतं का? तळघरात संप पंप (साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) आहे का, आणि वीज गेली तर तो बॅटरीवर चालतो का? घर फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, पूरनकाशात कोणत्या झोनमध्ये आहे? ‘ए’ने सुरू होणारा झोन म्हणजे धोका जास्त, आणि तिथे कर्ज घेऊन घर घेतलं तर बँक पूरविमा घ्यायला लावते. साध्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी लागू होतो, तेव्हा ढग बघून फोन करून उपयोग नाही. भाडेकरूलाही फक्त सामानापुरता पूरविमा घेता येतो.

नद्यांचा दुसरा परिणाम रोजच्या रस्त्यावर होतो. आय-६५ आणि डाउनटाउन यांच्या मध्ये नदीही आहे आणि रेल्वेही, त्यामुळे पश्चिमेकडची सगळी वाहतूक थोड्याच पुलांवर गोळा होते. लांब मालगाड्यांमुळे पूर्वी स्टेट रोड ४६ आणि ११ च्या चौकात गाड्या तिष्ठत उभ्या राहत. आता तिथे रुळांवरून पूल झाला आहे. तरी पश्चिमेला घर घेणाऱ्याने ऑफिसच्या वेळी एकदा गाडी चालवून बघावी.

पायरी पाचवी: रस्त्यांची भाषा

आय-६५ वर कोलंबसचा मुख्य एक्झिट ६८. त्यावरून जाणारा लाल कमानींचा पूल लांबूनच ओळखू येतो. एक्झिटचा आकडा म्हणजे हा महामार्ग दक्षिणेला राज्यात शिरतो तिथपासूनचे मैल. ६४ वर वेल्सबोरो, ७६ वर टेलर्सव्हिल आणि एडिनबर्गचा आउटलेट मॉल. ६८ वरून पूर्वेला आलात की नदीवरचा केबलचा पूल लागतो. पुलाच्या बरोबर मध्यरेषेत कोर्टहाउसचा मनोरा दिसावा अशी त्याची आखणी केलेली आहे.

गावात आकड्यांचे रस्ते पूर्व-पश्चिम आहेत आणि आकडा उत्तरेकडे वाढतो. हॉस्पिटल सतराव्यावर, दुकानांची गर्दी पंचविसाव्यावर. गावाबाहेर पडलात की मात्र ‘वेस्ट ४५० साउथ’ अशी पाटी दिसेल आणि डोकं फिरेल. हिशोब सोपा आहे: शंभर म्हणजे साधारण एक मैल. हा रस्ता काउंटीच्या मध्यरेषेपासून साडेचार मैल दक्षिणेला. एकदा हे बसलं की फोनची रेंज गेली तरी माणूस हरवत नाही.

पायरी सहावी: शेजाऱ्यांची नावं

उत्तरेला जॉन्सन, ईशान्येला शेल्बी, पूर्वेला डिकेटर, आग्नेयेला जेनिंग्ज, दक्षिणेला जॅक्सन, पश्चिमेला ब्राउन. पाठ करा. टोर्नेडोचा इशारा रेडिओवर आणि टीव्हीवर काउंटीच्या नावाने येतो, आणि वादळं बहुधा पश्चिमेकडून येतात. ‘ब्राउन काउंटी’ ऐकू आलं की बूट घालून तळघराकडे सरकायला लागा. स्वतःच्या काउंटीचं नाव येईपर्यंत थांबू नका. हिवाळ्यात राज्याचा एक रंगीत नकाशा असतो, त्यात प्रत्येक काउंटीचा रंग वेगळा: पिवळा म्हणजे जपून, केशरी म्हणजे गरज असेल तरच, लाल म्हणजे रस्त्यावर यायचंच नाही, तो फक्त आपत्कालीन सेवांसाठी. तुम्ही सेमूरला राहून कोलंबसला कामाला येत असाल, तर दोन रंग बघायचे.

पायरी सातवी: इथे राहतं कोण

२०२० च्या जनगणनेत कोलंबस शहरात ५०,४७४ माणसं होती आणि पूर्ण काउंटीत ८२,२०८. म्हणजे काउंटीतल्या दर दहांपैकी सहा जण शहरात. शहराची वस्ती २००० मध्ये ३९,०५९ आणि २०१० मध्ये ४४,०६१ होती.

यातली एक वजाबाकी करून बघा. २०१० ते २०२० मध्ये शहर ६,४१३ माणसांनी वाढलं, पण काउंटी फक्त ५,४१४ नी. म्हणजे शहराबाहेरची वस्ती हजाराने कमी झाली. लोक खेडी सोडून शहरात आले असा निष्कर्ष लगेच काढू नका. शहर हद्द वाढवतं तेव्हा कालची खेड्यातली माणसं घर न बदलता शहरातली होतात. ‘गाव झपाट्याने वाढतंय, घर घेऊन टाका’ असं कुणी सांगितलं की काउंटीचा आकडा पुढे करा. काउंटीची हद्द बदलत नाही, म्हणून मी तरी तोच जास्त मानतो.

घनता म्हणाल तर शहराच्या सुमारे २८ चौरस मैलांत ही पन्नास हजार माणसं पसरली आहेत. संध्याकाळी आठला वॉशिंग्टन स्ट्रीटवर दोन-चार रेस्टॉरंटं आणि १९०० साली सुरू झालेलं झाहाराकोस आइस्क्रीम पार्लर सोडलं तर शांतता वाटेल. ती सवयीची होते. काहींना होत नाही, आणि ते दोन वर्षांत इंडियानापोलिसजवळच्या ग्रीनवुडला किंवा कार्मेलला घर बघतात. त्यात कमीपणा काही नाही.

२०१० मध्ये शहरात आशियाई वंशाचे लोक साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. आता वाटा बराच वाढलेला आहे. इंडियानातल्या या आकाराच्या गावासाठी ही गोष्ट वेगळी आहे. पण ‘आशियाई’ या रकान्यात सगळेच येतात. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना, एन्केई, एनटीएन अशा जपानी कंपन्या इथे आहेत, त्यामुळे जपानी कुटुंबंही आहेत, चिनी इंजिनिअरही. भारतीय किती हे बघायचं तर जनगणनेच्या तपशीलवार तक्त्यात ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी ओळ असते. मराठी किती, हे मात्र गणपतीतच कळतं. मोठ्या देवळासाठी बरेच जण इंडियानापोलिसच्या हिंदू टेम्पल ऑफ सेंट्रल इंडियानाला जातात.

परदेशी माणसांची सवय गावाला नवी नाही, आणि त्याला कमिन्सचे जे. अर्विन मिलर बरेच कारण. १९५० च्या दशकात त्यांनी कंपनीच्या फाउंडेशनतर्फे तोड काढली: सार्वजनिक इमारतीसाठी चांगला वास्तुविशारद नेमा, त्याची फी आम्ही देऊ. म्हणून पन्नास हजारांच्या या गावात एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च आहे (ते या योजनेच्याही आधीचं), त्याच्या मुलाची, ईरो सारिनेनची बँक आहे, आणि चर्चच्या समोर आय. एम. पेईंनी बांधलेलं १९६९ चं ग्रंथालय. ग्रंथालयापुढे हेन्री मूरची हिरवट काशाची कमान उभी आहे. मुलं तिच्याखालून पळत असतात. पत्त्याचा पुरावा नेऊन ग्रंथालयाचं कार्ड करून घ्या.

पायरी आठवी: मोजणीत या

जनगणना दर दहा वर्षांनी होते, पुढची २०३०. एच-१बी, एल-१, एच-४, काहीही असलात तरी १ एप्रिलच्या सुमारास तुमचा नेहमीचा मुक्काम इथे असेल तर तुम्ही मोजले जाता. अर्जात व्हिसाची चौकशी आजवर नसायची. नातवंडांना भेटायला आलेले आई-बाबा मोजायचे नाहीत, मार्चमध्ये इथे जन्मलेलं बाळ मोजायचं. बाळ विसरणारी घरं इतकी असतात, की सेन्सस ब्युरो त्याची दरवेळी वेगळी आठवण करून देतो.